चष्म्याची 'काच' आणि भिवंडीची हवा

चष्म्याच्या दुकानात गेलेला मराठी माणूस अजूनही 'काच बदलायची आहे' असंच म्हणतो. दुकानदारही 'काच साधी टाकू की कोटिंगची?' असं विचारतो. प्रत्यक्षात दोघांच्या मध्ये काउंटरवर ठेवलेली ती चकती बहुतेक वेळा काच नसतेच. माझ्या लहानपणी चष्मा हातातून पडला की 'फुटला' असं म्हणत, आणि तो खरोखर फुटलेला असे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या चष्म्यांतून खरी काच जवळजवळ हद्दपार झाली आणि तिची जागा प्लास्टिकने घेतली. शब्द मात्र तोच राहिला. भाषेत असं होतच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण शब्दाबरोबर सवयीही तशाच राहिल्या. काच जशी पुसायची, जिथे ठेवायची, जशाने धुवायची, तसंच आपण या प्लास्टिकचं करतो. आणि भिवंडीसारख्या गावात त्याची किंमत नजरेने मोजावी लागते.

मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली नाही. जे शिकलो ते जुन्या पुस्तकांतून, आणि बाकीचं वस्तू हातात घेऊन. गेली काही वर्षं मी टाकून दिलेली भिंगं जमवतो. ओळखीचे एक चष्मेवाले नवीन भिंगं बसवल्यावर जुनी एका पत्र्याच्या डब्यात टाकतात. डबा भरला की मला निरोप येतो. त्यांत यंत्रमाग कामगारांचे चष्मे असतात, सायझिंगमधल्या लोकांचे असतात, गोदामातल्या हिशेबनिसांचे असतात. एका जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली मी ती पाहतो. मालकाचं नाव ठाऊक नसलं तरी भिंगावरून त्याच्या कामाचा अंदाज बऱ्याचदा येतो.

आधी ही प्लास्टिकं कोण ते पाहू. आपल्याकडच्या साध्या चष्म्यात जे सर्वांत जास्त वापरलं जातं त्याचं नाव सीआर-३९. १९४० साली अमेरिकेत पिट्सबर्ग प्लेट ग्लास या कंपनीच्या रसायनज्ञांनी ते शोधलं. गंमत अशी की कंपनी काचेची! 'कोलंबिया रेझिन' या मालिकेतला हा ३९वा प्रयोग, म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्यांसाठी ते वापरलं गेलं. युद्ध संपलं, माल शिल्लक राहिला आणि १९४७च्या सुमारास रॉबर्ट ग्रॅहम या गृहस्थांनी त्यापासून चष्म्याची भिंगं ओतायला सुरुवात केली. दुसरं प्लास्टिक पॉलिकार्बोनेट. ते १९५३ साली जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांना न सांगता, स्वतंत्रपणे शोधलं. सुरक्षा-चष्मे, हेल्मेटचे व्हायजर, मोटारींच्या हेडलाइटची पुढची झाकणं यांत तेच असतं.

दोन्ही वजनाला हलकी. चष्म्याच्या काचेचा एक घन सेंटिमीटर सुमारे अडीच ग्रॅम भरतो, सीआर-३९चा १.३ आणि पॉलिकार्बोनेटचा १.२. जाड नंबरवाल्यांच्या नाकावरचे जुने वळ या फरकाने मिटवले, हे मान्यच करायला हवं. पण आतून ही दोन प्लास्टिकं सारखी नाहीत. भिवंडीकराला समजेल असं सांगायचं तर पॉलिकार्बोनेट म्हणजे लांबलांब सुतांचा गुंता: सुतं एकमेकांत अडकलेली, पण कुठेही गाठ नाही. म्हणून ते तापवलं की मऊ होतं, आणि योग्य द्रावक मिळाला की सुतं सुटू लागतात. सीआर-३९ म्हणजे मासेमारीचं जाळं, ठिकठिकाणी गाठी मारलेलं. ते वितळत नाही, थिनरने विरघळत नाही. उलट, आघात सोसण्यात पॉलिकार्बोनेट कितीतरी पुढे. मागावरचा धोटा सुटून उडाला तर डोळ्यासमोर कोणतं भिंग असावं, याचं उत्तर निःसंशय पॉलिकार्बोनेट. मात्र कोटिंग नसेल तर त्यावर कडक पेन्सिलीनेही ओरखडा उठतो.

म्हणूनच या भिंगांना वरून कवच चढवतात. 'हार्ड कोट' म्हणतात तो सिलिकॉनयुक्त रसायनाचा थर असतो, दोन ते पाच मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे कल्पना येईल. त्यावर चमक घालवणारं, हिरवट-निळसर झाक दिसणारं कोटिंग असेल तर ते आणखी पातळ. सिलिका आणि काही धातूंच्या ऑक्साइडांचे चार-सहा थर मिळून अर्धा मायक्रॉनही भरत नाहीत. चष्मा खराब झाला असं आपण म्हणतो तेव्हा दोन मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक बहुधा धडधाकट असतं. गेलेलं असतं ते हे कवच, किंवा कवचाखालचे वरवरचे काही मायक्रॉन.

आता भिवंडी.

शांतीनगर, नारपोली, पद्मानगर या बाजूला कुठल्याही कारखान्यात शिरलात तर पहिली भेट होते ती हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या तंतूंची. पत्र्याखाली उकाडा, मागांचा खडखडाट, तेलाचा बारीक तुषार, आणि सगळ्यावर पांढरी लव. ही लव चष्म्यावर बसते आणि कामगार ती हाताला येईल त्याने पुसतो: सदऱ्याच्या टोकाने, गळ्यातल्या गमछाने, नाहीतर मागाजवळ पडलेल्या सुताच्या वेस्टने. कापूस मऊ आहे, त्याने ओरखडे कसे उठतील, असं मला अनेकांनी विचारलं आहे. प्रश्न बरोबर आहे. कापूस ओरखडे पाडत नाहीच. पाडते ती त्यात अडकलेली धूळ. रस्त्याच्या, बांधकामाच्या धुळीत वाळूचे कण असतात. वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटी, आणि काठिण्याच्या मोह्स मापावर गारगोटीचा क्रमांक ७. चष्म्याची खरी काच साडेपाचच्या आसपास, म्हणजे तीही गारगोटीपुढे हरते; पण प्लास्टिक त्याहून खूप खाली आहे. कोरडं पुसणं म्हणजे कापडाला वाळू चिकटवून घासणं. पॉलिश पेपर हा याहून वेगळा काय असतो?

सूक्ष्मदर्शकाखाली हे ओरखडे ओळखीचे झाले आहेत. ते बहुतेक वर्तुळाकार असतात, कारण अंगठा आणि तर्जनीत धरून आपण गोल गोल पुसतो. मध्यभागी दाट, कडेला विरळ. म्हणजे आपण ज्या भागातून पाहतो नेमका तोच सर्वांत जास्त खरवडलेला. कापडाच्या गावात चष्म्याचा सर्वांत मोठा शत्रू कापड निघावा, हे मला अजूनही विचित्र वाटतं.

दुसरी गोष्ट उष्णता. कोटिंगमधली सिलिका तापल्यावर नाममात्र प्रसरण पावते. खालचं प्लास्टिक तिच्या शंभर पटींहून अधिक. थंडाव्यात दोघांचं जमतं. पण चष्मा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला, किंवा स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिला, तर खालचं प्लास्टिक फुगतं आणि वरचा कडक थर ताणला जाऊन तडकतो. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डचं तापमान ७० अंशांवर सहज जातं. जुन्या चिनीमातीच्या बशीवर जसं बारीक भेगांचं जाळं दिसतं, तसंच जाळं भिंगावर उमटतं. ही जाळी पुसून जात नाही आणि तिला कोणताही उपाय नाही. सायझिंगमध्ये तर वाफेवर तापलेले सिलिंडर, खळीची वाफ आणि बाहेर आलं की पंख्याचा वारा, असा गरम-गारचा खेळ पाळीभर चालतो. वाफेने चष्मा धुकटला की पुन्हा पुसणं आलंच.

तिसरी गोष्ट पाणी. प्लास्टिक थोडं थोडं पाणी पितं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. प्रमाण अल्प असतं, पण तेवढ्याने ते किंचित फुगतं आणि वरच्या थराशी असलेली पकड सैल होते. उन्हाळ्यात पडलेल्या केसाएवढ्याही नसलेल्या भेगांतून जून ते सप्टेंबर दमट हवा आत शिरते आणि दिवाळीच्या सुमारास कडेने पापुद्रे सुटू लागतात. चष्मेवाल्यांच्या त्या डब्यात पापुद्रे सुटलेली भिंगं पावसाळ्यानंतरच जास्त येतात, हे माझं साधं निरीक्षण. बोअरच्या जड पाण्याने धुऊन तसाच वाळवला तर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात, आणि ते खरवडून काढताना कवच जातं ते वेगळंच.

चौथी रसायनं, आणि इथे थोडं थांबावंसं वाटतं. प्रोसेस हाउसमध्ये कॉस्टिक सोडा रोजचा. कापडावरची खळ, मेण, तेलकटपणा काढायला तो लागतोच. या सोड्याचं आणि सीआर-३९चं एक नातं आहे, जे चष्म्याच्या धंद्यातल्या लोकांनाही सहसा माहीत नसतं. १९७८ साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांच्या लक्षात आलं की सीआर-३९वर अल्फा कण आदळले की त्यांच्या वाटेवर रेणूंची साखळी तुटते. डोळ्यांना काही दिसत नाही. पण पत्रा सुमारे ७० अंश तापलेल्या, चांगल्या तिखट कॉस्टिक सोड्यात काही तास बुडवला तर पृष्ठभाग हळूहळू झिजतो, तुटलेल्या वाटांवर तो जलद झिजतो, आणि तिथे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतील असे खळगे तयार होतात. किरणोत्सर्ग मोजण्याची ही पद्धत जगभर रुळली. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही न्यूट्रॉनच्या संपर्कात काम करणाऱ्यांची मात्रा मोजायला हेच प्लास्टिक वापरलं जातं. खाडीपलीकडे प्रयोगशाळेत जे मुद्दाम, मोजूनमापून करतात, ते इकडे रंगशाळेत चष्म्याच्या बाबतीत नकळत होत असतं. इथला सोडा तेवढा तिखट नसतो, तेवढा वेळही लागत नाही, हे खरं. पण कवचातली सिलिकासुद्धा क्षारात झिजते, आणि शिंतोडे रोजचे असतात. घरी धुण्याच्या पावडरीने चष्मा धुणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. तिच्यातही सोडा असतो.

कोऱ्या कापडावरचे तेलाचे डाग काढायला पिस्तुलाने द्रावक फवारतात. तो तुषार पॉलिकार्बोनेटवर पडला आणि भिंग घट्ट फ्रेममध्ये दाबून बसवलेलं असेल तर कडेपासून चिरा सुरू होतात. फक्त द्रावक असेल तर कदाचित काही होणार नाही, फक्त दाब असेल तरीही नाही. दोन्ही एकत्र आले की गाठ नसलेली ती सुतं सुटतात. स्क्रू अधिक आवळला की चष्मा मजबूत होतो, हा समज म्हणूनच चुकीचा.

राहिलं ऊन. चष्म्यापेक्षा त्याचा मार हेडलाइटवर जास्त दिसतो, आणि तो पाहायला भिवंडीइतकी सोयीची जागा नाही. मानकोली, राजनोली, अंजूर फाटा इथे काल्हेर-पूर्णा-राहनाळच्या गोदामांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. त्यांत जुन्या ट्रकचे गोल, खऱ्या काचेचे दिवे वीस वर्षांनंतरही स्वच्छ, आणि आठ-दहा वर्षांच्या मोटारींचे डोळे कावीळ झाल्यासारखे पिवळे. सूर्यातले अतिनील किरण पॉलिकार्बोनेटचे बंध तोडतात, हवेतला ऑक्सिजन तिथे जोडला जातो, आणि निळा प्रकाश गिळणारे नवे रेणू तयार होतात. निळा गेला की उरतो तो पिवळा. पॉलिकार्बोनेट अतिनील किरण वरच्यावर शोषून घेतं, त्यामुळे नासाडीही वरच्या काही मायक्रॉनपुरतीच राहते. म्हणून टूथपेस्टने घासलं की दिवा उजळतो. पण घासताना कारखान्यात चढवलेलं संरक्षक कवचही उरलंसुरलं निघून जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात पिवळेपणा दुप्पट वेगाने परत आल्यासारखा वाटतो. घासल्यावर अतिनील-रोधक कोट पुन्हा चढवला नाही तर ती मेहनत फुकट.

यावरून प्लास्टिक हा पदार्थच कुचकामी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, ते ॲक्रिलिक या प्लास्टिकचंच. युद्धात लढाऊ विमानांच्या फुटलेल्या झाकणांचे ॲक्रिलिक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं त्रास न देता राहिलेले त्यांनी पाहिले होते. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२पासून अशी भिंगं देशात स्वस्तात बनवायला घेतली आणि मोतिबिंदूची शस्त्रक्रिया गरिबाच्या आवाक्यात आली. डोळ्याच्या आत खारट पाणी असतं, ३७ अंशांची ऊब असते, तरी तिथे प्लास्टिक दशकानुदशकं टिकतं. कारण आत धूळ नाही, सोडा नाही, कडक ऊन नाही, आणि मुख्य म्हणजे ते तिथे कुणी पुसत नाही. नाकावर आणि डोळ्यात जेमतेम दीड सेंटिमीटरचं अंतर. पण आयुष्यात इतका फरक.

हे सगळं इतक्या बारकाईने पाहण्याचं कारण सांगतो. खरवडलेल्या भिंगातून आकडे-अक्षरं दिसतात, म्हणून ते खराब झालंय हे कळत नाही. नासाडी रोज थोडी थोडी होते आणि डोळा सवय लावून घेतो. जातो तो अक्षरांचा आकार नव्हे, तर कमी-जास्त उजेडातला फरक. ओरखड्यांवर प्रकाश विखुरतो, काळ्यावर राखाडी पडदा येतो, दिव्याभोवती वलय दिसतं. हीच लक्षणं सुरुवातीच्या मोतिबिंदूचीही. त्यामुळे पन्नाशीतला माणूस 'आता डोळे गेले' असं म्हणून बसतो. डोळे तपासून घ्यायलाच हवेत, त्यात हयगय नको. पण त्याआधी चष्मा काढून हातभर लांब, काळ्या कापडासमोर धरावा आणि बाजूने ट्यूबलाइटचा उजेड पडू द्यावा. भिंग दुधाळ दिसलं तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

साध्या यंत्रमागावर ताण्याची तार तुटली की माग आपोआप थांबत नाही. विणणाऱ्याच्या नजरेने थांबतो. एका माणसाकडे चार-सहा माग. पांढऱ्या तारांत पांढरी तार तुटलेली, तीही दमट, अंधुक उजेडात. उशीर झाला की कापडात रेघ पडते, आणि खोट निघाली की पैसे कापले जातात. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराला नुसती जवळच्या नंबरची चाळिशी दिली तर काय होतं, हे आसामच्या चहामळ्यात तपासलं गेलं आहे. ४० वर्षांवरच्या ७५१ खुडणाऱ्यांवरचा तो अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढलं. नव्या, स्वच्छ भिंगाने जे मिळतं ते भिंग दुधाळ होताना हळूहळू परत जातं, असं मी समजतो. आपल्याकडची शिबिरं मात्र चष्मा हातात दिला की नोंद पूर्ण करतात.

कोणतं भिंग घ्यावं, असं मला लोक विचारतात. माझं मत असं: मागावर काम करणाऱ्याने चमक घालवणाऱ्या स्वस्त कोटिंगच्या मोहात पडू नये. ते दुकानात देखणं दिसतं आणि इथल्या उकाड्यात सर्वांत आधी तडकतं. चांगला हार्ड कोट असलेलं साधं सीआर-३९ अधिक टिकतं. जिथे धोटा किंवा तुकडा उडण्याची भीती आहे तिथे पॉलिकार्बोनेटच, आणि ते लवकर बदलावं लागणार हे गृहीत धरून. रंगशाळेत चष्म्यावर वेगळा बंद गॉगल लावावा. त्याने भिंगापेक्षा डोळे वाचतात.

पुसण्याबद्दल मात्र दुमत नसावं. आधी नळाखाली साध्या, थंड पाण्यात धरायचं, म्हणजे वाळू वाहून जाते. भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब, बोटांच्या टोकांनी हलकं चोळायचं, पुन्हा पाणी, झटकायचं, आणि धुतलेल्या मऊ सुती फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. कारखान्यात नळ लांब असतो, पाळी चालू असते, हे मला माहीत आहे. एका मुकादमाने दाराशी पाण्याची बाटली आणि डब्यात घड्या घालून ठेवलेली फडकी ठेवायला सुरुवात केली. फडकी त्याच्याच मागावरच्या कापडाची, पण रोज घरून धुऊन आणलेली.